एकदाच सांगणारी अक्का

आमच्या गल्लीत एक गोष्ट एकदाच सांगणारी बाई एकच होती. बाकीच्या, माझी बायको धरून, तीच गोष्ट चारचारदा सांगतात आणि तरी घरात कुणी जागचं हलत नाही. अक्का एकदा बोलायची आणि मग हात पोटाशी धरून गप्प उभी राहायची. रागानं नव्हे. आपण सांगितलं ते होणारच आहे, त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा, अशा चेहऱ्यानं. त्या गप्प उभं राहण्याला भलतंच वजन होतं. "ही मागच्या टायमाची गोळी न्हवं," एवढं म्हणून ती काउंटरपाशी थांबली, की मी हातातलं गिऱ्हाईक सोडून फडताळ उपसायला लागायचो.

भालकीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे आणि बरोबर समोर अक्काचं घर. मला ती 'तम्मा' म्हणायची, धाकट्या भावाला म्हणतात तसं. घरात ती, तिचा नवरा अप्पा आणि कोळशा नावाचं एक काळंकुट्ट गावठी कुत्रं. एकुलती मुलगी शारदा लग्न होऊन हैदराबादला. अप्पाचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला होता. उसाची गाडी नुसती बघून वजनाचा अंदाज सांगणारा हा माणूस म्हातारपणी स्वतःच्या बायकोचं नाव विसरला. हंगाम सुरू होऊन मळीचा वास गावात शिरला की तो उठायचा आणि ड्यूटीला म्हणून चालू लागायचा. जाताना वाट सापडायची, येताना सापडायची नाही. एकदा तो उदगीरच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंच्या उसाच्या मधोमध, अनवाणी उभा असा सापडला.

बरं, गाडीत घालून आणावं तर तेही जमत नव्हतं. विसर पडायला लागल्यापासून त्याला गाडीच्या दाराची धास्ती बसली होती. बिदरच्या दवाखान्यात नेताना त्यानं गाडीवाल्याच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. त्यामुळं शारदा किती का बोलवेना, हैदराबादला जाणं होत नव्हतं. त्यात अक्काचं स्वतःचं काळीज कमजोर. तिच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या, म्हणून मला माहीत. "माझ्या माघारी ह्याला घरला कोण आणील, तम्मा?" असं ती एकदाच विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. मी मान खाली घालून गोळ्यांची पट्टी कापत राहायचो.

मग एक दिवस हैदराबादहून पार्सल आलं. शारदेच्या बिल्डिंगखालच्या बागेत कुणी एक जण आपल्या कुत्र्याला शिकवायचा, त्याचा व्हिडिओ तिनं आईला पाठवला होता. अक्कानं तो पारायण केल्यासारखा बघितला आणि त्याच्या हातातली ती प्लास्टिकची डबी मागवून घेतली. काडेपेटीएवढी डबी, वर एक बटण, दाबलं की टिक्. गल्लीला करमणूक झाली. अक्का ह्या वयात सर्कस काढणार, असं मीच पहिल्यांदा म्हणालो असेन.

सर्कस नव्हती ती. ज्वारीच्या भाकरीचे बारीक तुकडे दुधात भिजवून, वाळवून ती पदराच्या गाठीत ठेवायची. पहिले काही दिवस नुसतं टिक् आणि तुकडा, टिक् आणि तुकडा. कोळशाला त्या आवाजाचा अर्थ कळला. मग तुकडा त्याच्या नाकावरून मागं न्यायचा. मान वर जाते तसं बूड खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी टिक्. आधी नाही, नंतर नाही. शब्द सगळ्यांत शेवटी. "आधी काम, मग त्याचं नाव," ती म्हणायची. "आपण उलटं करतो. नाव घेऊन वरडायलोत, वरडायलोत, अन् त्या मुक्या जिवाला ठावंच न्हाई काय करायचं ते."

हे शब्द तिनं तेलुगूतले घेतले. तिचं माहेर औरादकडचं, तेलंगणाच्या शिवेवरचं. कूर्चो म्हणजे बस, आगु म्हणजे थांब, रा म्हणजे ये, इंटिकि म्हणजे घरी. गल्लीत मराठी, कानडी, दखनी सगळं चालतं, तेव्हा ह्या भाषांतले शब्द दिवसभर कुत्र्याच्या कानावर पडणार आणि ते गोंधळणार. तेलुगू बोलणारी गल्लीत ती एकटीच. अप्पालाही येत नव्हती. सासुरवाडीला गेला की बिचारा जेवणापुरता हसायचा, असं तीच सांगायची.

एक नेम तिनं कधी मोडला नाही. वाजवलं की द्यायचं. माझ्या दुकानात पिशवी उचलताना एकदा चुकून तिच्या हातातलं बटण दाबलं गेलं. बाहेर पायरीखाली बसलेल्या कोळशानं मान वर केली. गाठ रिकामी होती. अक्का रस्ता ओलांडून घरी गेली, चुलीशेजारच्या दुरडीतली भाकरी मोडून आणली, कोळशाला दिली आणि मगच गोळ्या घेतल्या. मी हसलो. मी कुत्र्यांना भितो, त्यामुळं जरा जास्तच हसतो. "कामून हसायलास?" ती म्हणाली. "एकदा खोटं वाजलं की मग खरं कुणाला वाटंल?"

कोळशाला तिनं अप्पाच्या पुढं चालायला शिकवलं, कारखान्याच्या वाटेवरच्या रेल्वे फाटकापाशी आडवं बसायला शिकवलं आणि तिथून परत फिरायला शिकवलं. सुरुवातीला ती स्वतः मागोमाग जायची, धापा टाकत.

एका दुपारी मी दुकानात एकटाच होतो. समोर अंगणात अक्का म्हणाली, "कूर्चो." कोळशा बसला. त्याच्या मागं उभा असलेला अप्पाही बसला. डबी वाजली. अप्पानं उजव्या हाताचा तळवा पुढं केला.

अक्का हलली नाही. कोळशा तिच्याकडे बघत होता, अप्पाही तिच्याकडे बघत होता, आणि दोघांची नजर अगदी एकसारखी होती. मग तिनं पदराची गाठ सोडली. एक तुकडा कुत्र्याला दिला आणि एक नवऱ्याच्या तळव्यावर ठेवला. अप्पानं तो तोंडात टाकला आणि समाधानानं चावला. अक्का आत निघून गेली आणि बराच वेळ मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी ती दुकानात आली. "बघितलास न्हवं?" मी व्हय म्हणालो. "मी त्याला शिकवलं न्हाई, तम्मा. शपथ घेऊन सांगते. माझं नाव त्याला येत न्हाई, माझं तोंड वळखू येत न्हाई. पर माझा शब्द ऐकू यायलाय. आता मी काय करू? बोलणं बंद करू?" मी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागलो. इतकं वाईट मला त्या घरासाठी त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

गल्लीनं मात्र लगेच उत्तर शोधलं. न येणाऱ्या भाषेत नवरा उठतो-बसतो म्हणजे दुसरं काय असणार? आमच्याकडं भानामतीचं नाव निघालं की शिकलेली माणसंही आवाज खाली आणतात. शेजारच्या म्हाताऱ्या काकूनं तर अक्काच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावायला सुरुवात केली. आमचं घर बौद्ध. वडील वंदना झाली की आम्हा भावंडांना बजावायचे, भूत नसतं, करणी नसते, भितं ते आपलं मन. त्यामुळं ह्या गप्पा मी झटकून टाकायचो. अक्का तर हसलीच. "भानामती करणाऱ्याला कोंबडं लागतंय म्हणं, लिंबू लागतंय. माझं भाकरीच्या तुकड्यावर भागायलंय. सस्तात पडलं की!"

हसली, पण त्या दिवसापासून ती दोघांना बरोबरच शिकवू लागली. कूर्चो, आगु, रा, इंटिकि. मग तिनं एकेक गोष्ट काढून घेतली. आधी डबी माळ्यावर गेली. मग तुकडे कधी द्यायची, कधी नाही. मग शब्दही हळू होत गेले, पुटपुटण्यावर आले. "शेवटी शब्दबी लागू नये," ती म्हणायची. "तवा म्हणायचं शिकलं."

पुढच्या हंगामात मी कारखान्याकडून मोटारसायकलवर परत येत होतो. फाटक उघडं होतं, गाडीची वेळ नव्हती, ऊन रणरणत होतं. रुळांच्या अलीकडं कोळशा बसला होता आणि त्याच्या शेजारी अप्पा, उकिडवा. आसपास चिटपाखरू नव्हतं. दोघंही समोर बघत होते. मी गाडी थांबवली. मग एकाच क्षणी, कुणी कान धरून उठवावं तसे, दोघं उठले आणि गावाच्या दिशेनं चालायला लागले. मी पुढं निघून गल्लीत आलो. अक्का ओट्यावर डोळे मिटून बसली होती.

"उठले न्हवं फाटकापसनं?" ती म्हणाली. मी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं.

"तुला कसं कळालं?"

"मी हितनं मनात म्हणते, इंटिकि. येतेत." मग तिनं डोळे उघडले आणि खळखळून हसली. "तोंड बघ तुझं! रोजची येळ हाय ती, दुसरं काय?"

रोजची वेळ, बरोबर. मीही हसलो. दुकानात जाऊन पहिल्याच गिऱ्हाइकाला तापाच्या गोळीऐवजी खोकल्याची बाटली देऊन बसलो.

हंगाम संपत आला होता. एका दुपारी ती दोघं नेहमीसारखी निघाली आणि थोड्याच वेळात परत येताना दिसली. इतक्या लवकर ती कधीच येत नसत. कोळशा जवळजवळ पळत होता, मागून अप्पा. अक्का ओट्यावरच होती, हात पोटाशी धरून, भिंतीला टेकून. अप्पा तिच्या पायाशी बसला. कोळशा बसला. मी रस्ता ओलांडून गेलो, तेव्हा तिचा हात अजून कोमट होता.

शारदा आली, दिवसकार्य झालं. त्या सगळ्या गर्दीतही ती दोघं दुपारी उठून फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. शारदेला काळजी, म्हणून मी तिच्याबरोबर मागून चालत गेलो. फाटकापाशी दोघं बसली. बराच वेळ झाला तसा मीच मोठ्यानं म्हणालो, "इंटिकि." दोघांपैकी एकानंही माझ्याकडं बघितलं नाही. आणखी थोडा वेळ गेला. मग दोघं उठली. अप्पानं तळवा पुढं केला, तोंडाशी नेला आणि चावू लागला.

"मामा, अप्पा काय खायलेत?" शारदेनं माझी बाही धरली.

"म्हाताऱ्या माणसाला सवय असते, बाळा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

त्याला इथं एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. जायच्या दिवशी जावई गाडी घेऊन आला. शारदा सकाळपासून रडत होती. अप्पा गाडीत बसणार नाही, ओढून बसवावं लागेल, तो ओरडेल, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी माझ्या खिशात होती. घराला कुलूप लावून तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि दबक्या आवाजात विचारलं, "देऊ या का आता?"

मी खिशात हात घातला. तेवढ्यात ओट्यावरून कोळशा उठला. त्याच्या पाठोपाठ अप्पा उठला. कुणी काही म्हणालं नव्हतं. जावई पुढं बसला होता, आम्ही दोघं जागच्या जागी उभे होतो. कोळशा मागच्या उघड्या दारातून गाडीत चढला, पलीकडच्या खिडकीशी सरकला. अप्पा वाकून, डोक्याला लागू नये म्हणून कुणी वर हात धरावा तसा सावकाश, आत जाऊन बसला. गाडीत बसायचं तर अक्कानं त्यांना कधीच शिकवलं नव्हतं.

शारदेनं तोंडावर पदर दाबला. मग डोळे पुसून ती वडिलांच्या शेजारी बसायला वाकली. अप्पानं तिचं मनगट धरलं.

"आगु," तो म्हणाला.

कित्येक महिन्यांत तो एक शब्दही बोलला नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं, कुलूप लावलेल्या दाराकडं गेली होती. दारावरून ती ओट्यावर आली, ओट्यावरून पायऱ्यांवर, मग अंगणातून हळूहळू गाडीपर्यंत. त्यानं गुडघे आवळून घेतले, जागा करून दिली आणि मान हलवली. शारदा पुढं जाऊन नवऱ्याशेजारी बसली.

मागचं दार उघडंच होतं. ते मी लावलं. लावायच्या आधी, कुणाच्या पातळाचा काठ अडकू नये म्हणून बघतात तसं, मी खाली वाकून बघितलं.