काकांनी दडवलेली गाठ

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, अगदी तिच्या तोंडावर. शिकणाऱ्याने आरशात न बघता गाडी वळवली की ती अशी धडाडायची की फुटपाथवरची माणसंही दचकायची. पण तिच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत सहसा आपटत नसे, म्हणून मालक तिचं तोंड सोसून घ्यायचे.

चाळिशी गाठायच्या आत तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “घरात कोणाला कॅन्सर?”

“कोणालाच नाही,” तिने ठणकावून सांगितलं. वडील ती लहान असतानाच अपघातात गेले, आई पुढे न्यूमोनियाने. तिला वाढवलं ते काकांनी. तेही तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. ऑपरेशन झालं, छातीला किरणं दिली आणि तोफ पुन्हा कामावर रुजू झाली.

काही वर्षांनी, जिथे किरणं दिली होती नेमक्या त्याच जागी दुसरी गाठ आली. वेगळ्याच जातीची. या वेळी तिची जीनची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, “शरीरात एक जीन असतो, गाडीच्या ब्रेकसारखा...”

“ब्रेकचं मला नका सांगू. ब्रेकवरच माझं पोट आहे. सरळ बोला.”

बाई हसल्या आणि सरळ बोलल्या. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणं हे या जीनच्या प्रथिनाचं काम. एकाच जीनपासून त्याची लांब-आखूड रूपं बनतात. त्यातलं पूर्ण लांबीचं रूप मुख्य काम करतं, तेही चौघाचौघांच्या गटाने. “तुमच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासूनच बिघडलेली आहे. तिच्यातून निघालेलं प्रथिन वेडंवाकडं. ते चौघांत शिरलं की चांगल्यांनाही काम करू देत नाही. अशा पेशंटला आम्ही होता होईतो किरणं देत नाही, त्यातूनच नवी गाठ येऊ शकते. घरात नक्की कोणीच नव्हतं?”

ती तिथून तडक काकांकडे गेली.

“बाबा कशाने गेले?”

काका टीव्ही बघत होते. “बस तरी आधी. अगं, अपघात...”

“काका!”

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “त्याच्या डोक्यात गाठ होती. तुझी आजीही तशीच गेली, ऐन तरुणपणी. तुम्हा मुलींची लग्नं व्हायची होती गं. असल्या घरातली मुलगी कोण करून घेणार?”

“माझं लग्न झालं नाही ते नाहीच! आणि मी डॉक्टरांना ‘कोणी नाही’ म्हणत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. एक शब्द बोलला असतात, तर माझी छाती भाजली नसती त्यांनी!”

“मला वाटलं, तू खचशील.”

“मी? मी खचेन?”

आवाज ऐकून चुलत बहीण आतून आली, कडेवर लेक. “ताई, ओरडू नकोस, बाबांचं बीपी वाढेल.”

“वाढू दे. तू आधी तपासून घे. हा जीनचा बिघाड यांच्यात असेल तर तुझ्यात असू शकतो. हिच्यातही.”

“माझ्या मुलीचं नाव काढू नकोस! आम्ही धडधाकट आहोत. नीघ तू.”

ती दार आपटून निघाली. घरी येऊन तिने उशीत तोंड खुपसलं आणि घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं.

तिचं दुसरं ऑपरेशन मोठं झालं, बरगडीचा तुकडा काढावा लागला. ती वाचली, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. ती अंथरुणावर असतानाच एका दुपारी चुलत बहीण आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “तपासून घेतलं. बाबांच्यात आहे, माझ्यातही आहे. लेकीत नाही.”

चुलत बहिणीची दरवर्षी तपासणी सुरू झाली. अशाच एका तपासणीत तिच्या छातीतली बारीकशी गाठ सापडली. ती कापून काढली. किरणांचं नावही कोणी घेतलं नाही.

काका फोन करत राहिले. तोफ एकही उचलत नसे. लोक म्हणत, वय झालंय त्यांचं, सोडून दे. त्यावर ती त्या लोकांनाच फैलावर घ्यायची.

चुलत बहिणीने मात्र एकदा धीर करून विचारलं, “बाबांना माफ नाही का करणार, ताई?”

“तू कर,” ती म्हणाली. “तुला वेळेवर कळलं.”