उधव्याच्या ओटीवरचं स्पॅनिश

तलासरी तालुक्यातल्या मुलांचं घोडं नेमकं कुठे अडलंय, याचा शोध २०१६ साली मुंबईतल्या एका संस्थेला लागला. मुलांना स्पॅनिश येत नव्हतं. पाड्यावर जायला धड रस्ता नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा दिसला तर दिसला, असल्या किरकोळ गोष्टी लोक उगाच पुढे करत होते. लहानपणी खेळता खेळता परकी भाषा आली की मूल जगाचं नागरिक होतं, असं संस्थेच्या गुळगुळीत पत्रकात छापलं होतं, आणि हे नागरिकत्व वाटायला त्यांनी उधव्याजवळचा एक पाडा निवडला.

त्या पाड्यावर जिवलीची बालवाडी होती. बालवाडी म्हणजे तिच्या घराची सारवलेली ओटी, अठरा पोरं आणि सकाळचे दोन तास. जिवली दहावी नापास, पण कोसबाडला बालवाडी शिक्षिकांचं शिबिर करून आलेली. घरात बोलतात ती बोली शाळेत चालत नाही, हे ती सोसून शिकली होती. पहिलीत ती वर्षभर तोंड शिवून बसली. गुरुजींच्या बोलण्यातलं अक्षर कळेना, आणि गुरुजी तिला मंद ठरवून मोकळे झाले. आपल्या ओटीवरून शाळेत जाणाऱ्या पोरावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी ती ही बालवाडी चालवत होती. येत्या जूनमध्ये सहा पोरं पहिलीत जायची होती. त्यांतल्या कमळीचा तिला घोर लागला होता. ही पोर घरी बोलून बोलून कान किटवायची, आणि मराठी ऐकली की दाराआड व्हायची.

नको म्हणायची सोय नव्हती. बालवाडी ज्या ट्रस्टची, त्यांनीच हार घालून संस्थेला आणलं होतं. संस्थेच्या सुषमा मॅडम गाडीतून उतरल्या त्या स्पीकर, रंगीत रुमाल आणि पेपे नावाची हातात घालायची बाहुली घेऊन. पेपेला म्हणे स्पॅनिशशिवाय काही कळत नाही. दुसऱ्या भाषेत बोललं की तो मान टाकून झोपतो. असा एक गुरुजी जिवलीने लहानपणी पाहिला होता.

खेळ मात्र झकास होते, हे जिवलीलाही कबूल करावं लागलं. गाण्यात रंगाचं नाव आलं की त्या रुमालावर उडी मारायची, पेपेला उठवायचं तर त्याला हाक घालायची. पोरं महिन्याभरात नमस्काराऐवजी ‘ओला’ म्हणू लागली. सकाळचे दोन्ही तास त्यातच जायचे. एकदा धीर करून तिने विचारलं, की हेच खेळ मराठीतून घेऊ का, सहा पोरं शाळेत जायची आहेत.

“मराठीचं काय एवढं, जिवलीताई?” मॅडम हसून म्हणाल्या. “ती आपोआप येते.”

आपोआप न आल्याचा पुरावा त्यांच्यासमोरच उभा होता, पण मॅडमना तो दिसायचा कसा.

डिसेंबरात स्पेनची पाहुणी येणार, असं ठरलं. मुलं शिकली असं तिला वाटलं तर कार्यक्रम आणखी तीन वर्षं. स्पॅनिश अंक पक्के करायचं काम मॅडमनी जिवलीवर सोपवलं, जे हाताशी असेल ते वापरा म्हणाल्या, आणि मुंबईला गेल्या. हाताशी नुकतंच झोडलेलं भात होतं. जिवलीने प्रत्येकाला करवंटी दिली आणि टोपलीत भात मापत मोजायला लावलं. पोरं रंगून गेली. कुठे काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही.

पाहुणी आली, हार झाले. कमळी करवंटी घेऊन पुढे बसली आणि खणखणीत आवाजात मापू लागली, “लाभ, दोस, त्रेस, क्वात्रो...”

पाहुणीने एक बोट वर करून पुन्हा विचारलं. अठरा पोरं एका सुरात म्हणाली, “लाभ.”

मॅडमचा चेहरा पडला. “जिवलीताई, एकाचं ‘उनो’ कुठे गेलं? हे लाभ काय आहे?”

“मॅडम, भात मापताना पयल्या मापाला एक कोन बोलं?” जिवली खरोखरच गोंधळली होती. “लाभच बोलतात. नायतर बरकत नाय राहत.”

हे एवढं सगळं स्पॅनिशमध्ये कोण सांगणार? अहवालात एक ओळ आली, की या मुलांना ‘एक’ हा अंक अजून समजलेला नाही. कार्यक्रम डहाणूच्या एका इंग्रजी शाळेत गेला. तिथल्या मुलांना एक हा अंक तीन भाषांत आधीच येत होता, त्यामुळे तिथे तो फारच यशस्वी झाला.

ट्रस्टच्या लोकांनी जिवलीला नाही नाही ते बोलून घेतलं. ती दोन दिवस शरमेने कोणाच्या समोर गेली नाही. तिसऱ्या सकाळी पोरं ओटीवर येऊन बसली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दोन तास परत आपले झाले. स्पीकर, रुमाल सगळं गेलं होतं. डोळा निखळलेला पेपे तेवढा मागे राहिला होता. त्या दिवसापासून त्याला फक्त मराठी कळू लागली. बोलीत विचारलं तर तो एक डोळा उघडायचा, मराठीत विचारलं तर नाचायचा. रुमालाच्या जागी जुन्या लुगड्याच्या चिंध्या आल्या. जूनपर्यंत जिवलीने एक दिवस सुट्टी घेतली नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती खिडकीबाहेर उभी होती, कारण घरी तिचा पाय ठरेना. गुरुजींनी कमळीला नाव विचारलं. कमळी उठली. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, मग बकरी व्याली ते, आणि तिला दोन पिल्लं झाली तेही सांगितलं.

“पुरे आता,” गुरुजी वैतागले. “किती बोलशील? खाली बस.”

कमळी लगेच खाली बसली. जिवलीने पदर तोंडावर धरला आणि तिला रडू आवरेना. पोरीला मराठीतून ओरडा बसला होता, आणि तिला तो कळला होता.