निरोप्या

धाटावच्या कंपनीत कुणी दगावलं की घरी कळवायला गोविंदालाच धाडत. साहेबांकडे गाडी होती, तोंड नव्हतं. दारात पुढे केलेलं पाणी तो घेत नसे, आणि तेवढ्यावरूनच बायका हंबरडा फोडत.

रोह्याच्या हौशी मंडळींनी जुनं ग्रीक नाटक मराठीत बसवलं, तेव्हा राजपुत्र लढाईत पडल्याचं राणीला सांगणारा दूतही तोच झाला. प्रयोगात राणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. दूताने तो घटाघट प्यायचा होता, पण गोविंदाने सवयीने मान हलवली.

पुढच्या रांगेतली रंभा ताडकन उभी राहिली. तिच्या नवऱ्याची खबर त्यानेच आणली होती.

“नको सांगू रे, गोविंदा,” ती कळवळून म्हणाली, “आधी पानी पी.”