सशाच्या पापण्या

सरावलीच्या आमच्या बालवाडीच्या भिंती रंगवायला झाई बंदरावरचा एक पेंटर यायचा. एरवी होड्यांवर नावं घालणारा, अबोल माणूस. चित्राचे डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा आणि तेवढ्यापुरतं पोरांना बाहेर पाठवायचा. म्हणायचा, "पहिली नजर पोरांवर नको, बाई."

टीव्हीवरचा पोरांचा लाडका ससा त्याने दाराशी काढला, तर कंपनीची नोटीस आली: ससा आमचा, विनापरवाना काढलात, पुसून टाका. पुसायलाही मी त्यालाच बोलावलं. चुना मारण्याआधी त्याने पापण्या रंगवून सशाचे डोळे मिटवले.

"उघड्या डोळ्यांनी गाडू नये," एवढंच बोलला.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली, चुन्याचे पोपडे गळाले आणि ससा पुन्हा दिसू लागला. डोळे उघडे होते. मी पेंटरला पुन्हा बोलावलं. त्याने ते डोळे पाहिले. मग ब्रश उचलून म्हणाला, "बाई, आता तुम्हीसुद्धा बाहेर जा."