न वाढवलेली गोष्ट

आंब्याच्या मोहराचा वास नाकात शिरला की मला सावर्ड्याचं ते वाचनालय आठवतं. तिथं दाखवलेला युद्धाचा सिनेमा संपला आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला, निवृत्त सुभेदाराला, माईकपुढे उभं केलं. "तुमचा लढाईतला दोस्तही असाच घोषणा देत गेला ना हो? तसंच सांगा, निवडणूक आलीय." मी बिबट्याला शेपटीला धरून गरगर फिरवल्याचं सांगणारा माणूस, पण म्हटलं, "नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं विचारलं, 'आमच्या कलमांना मोहर आला असेल काय रे?' आणि गेला." "सुभेदार, थापा पुरे!" म्हणत अध्यक्षांनी माईक हिसकावला. मग मी तेच तीनदा ओरडून सांगितलं, पार जयगडच्या बोटींना ऐकू जाईल असं. माझा बिबट्या दरवर्षी वीतभर वाढतो; ही गोष्ट मात्र मी आजवर तसूभरही वाढवलेली नाही.