जुना करार बाकी आहे

यादोपंत भाजेकर पेशव्यांच्या दप्तरात कारकून होते. वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजू आपापली वंशावळ सादर करीत. ती तपासून वर पाठवायची, हे त्यांचे काम. मराठी राज्याची ती शेवटची वर्षे. पुण्यात तेव्हा आजोबा विकत मिळत, आणि पणजोबा त्याहून स्वस्त. साक्षीदार तर नुसत्या जेवणावर मिळत. तेच चार जण आज लोणीच्या पाटलाचे भाऊबंद म्हणून शपथ घेत आणि पुढच्या महिन्यात वाघोलीच्या पाटलाचे शेजारी म्हणून. यादोपंतांना या सगळ्याची शिसारी आली होती. पण कागद कितीही खोटा असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांनी तो कधी बाजूला ठेवला नाही. अर्धा कागद वाचून निकाल देणारा माणूस साक्षीदारापेक्षा बरा नाही, असे ते म्हणत.

शनिवार पेठेत त्यांचे लहानसे घर होते. घरात ते आणि पत्नी आनंदीबाई, मागे गोठ्यात एक गाय. मूल नव्हते. आनंदीबाईंना वाचता येत नसे, पण प्रश्न विचारता येत. दप्तरात पंतांना कोणी विचारत नसे ते सारे घरी विचारले जाई.

एका सकाळी पंत नुकते नदीवरून स्नान करून आले होते. अंगणात दत्तोबा उभा. हा लोणीकडचा माळी. संगमावर इंग्रज वकिलाच्या, म्हणजे रेसिडेंटाच्या, बंगल्यात बागेचे काम करी. त्याने एक जाडजूड पुस्तक पायरीवर उघडून ठेवले.

"पंत, वाईच बघा की. मोडी हाय म्हून आणलं. सायबानं दिलंय."

देवाधर्माचे असते तर बाळबोध लिपीत असते. मोडीत म्हणजे व्यवहाराचे, अशी पंतांची पक्की समजूत. पुण्यात कोणाचीही तीच असती. शिवाय सुरुवातच वंशावळीने होती. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा फलाणा. पंत ओल्या पंच्याने तिथेच बसले आणि वंशावळ मुळापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून काढली.

"दावा कशाचा आहे?" त्यांनी विचारले. "वंशावळ चांगली लांब आहे, पण टिकणार नाही. ज्या योसेफापर्यंत आणली, तो मुलाचा बापच नव्हे, असे पुढे यांनीच लिहून दिले आहे."

"दावा न्हाय, पंत. त्यांच्या द्येवाची पोथी हाय ती. सायेब ऐतवारी वाचतो."

तेव्हा कुठे पंतांनी पुस्तक मिटून पाहिले. वेष्टन चामड्याचे होते.

पंत पुन्हा नदीवर गेले. पण स्नानाने चामडे सुटले, तरी वाचन सुटले नाही. पोथी एकदा उघडून वाचायला घेतली की संपूर्ण करायची, मध्ये सोडायची नाही. सोडली तर घरात दोष राहतो. ही रीत त्यांच्या आजोबांची, आणि ते आजोबा विकतचे नव्हते. नकळत का होईना, स्नान करून, मोठ्याने, पहिले पान वाचले गेले होते. बायबल नावाच्या त्या ग्रंथाचे पारायण अशा रीतीने यादोपंतांच्या गळ्यात पडले.

त्यांनी सोय नीट लावली. वाचायचे ते स्नानाआधी, म्हणजे एकाच आंघोळीत भागते. पान बोटाने नाही, जुन्या बोरूच्या टोकाने उलटायचे. पुस्तक घरात नको म्हणून गोठ्यात ठेवले, तर आनंदीबाई ओरडल्या ते चार घरांनी ऐकले.

"अहो, गाईच्या पुढ्यात गाईचं कातडं? तिला काय वाटेल?"

मग ते लाकडाच्या खोपीत गेले.

पारायण म्हणजे रोजचा छळ होता. भाषा अशी, की नागपूरकराने सांगावी, बंगाल्याने लिहावी आणि इंग्रजाने तपासावी. कर्ता एका ओळीत, क्रियापद पुढल्या पानावर. एकाच माणसाच्या मरणाच्या चार जबान्या एकापाठोपाठ दिलेल्या, आणि चौघांचे चार तपशील. पंतांनी आयुष्यभर जुळणाऱ्या जबान्यांचा तिटकारा केला होता. न जुळणाऱ्याही तितक्याच तापदायक असतात हे त्यांना आता समजले. जिथे तिथे मासे. भाजलेले मासे, जाळ्यातले मासे, उरलेल्या माशांच्या टोपल्या. एका राजाने जेवणाच्या ताटात माणसाचे डोके मागवलेले. माझे मांस खा, रक्त प्या, या वाक्यापाशी तर पंत उठून विहिरीपाशी गेले आणि पोटात होते नव्हते ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले, कारण ते अर्धेच वाचून झाले होते.

सर्वांत जास्त किळस त्यांना आली ती जेवणांची. ज्याची ही पोथी, तो कोणाच्याही घरी जेवायला बसे. जकातीचे कारकून, महारोगी, वाईट चालीच्या बाया, काही विधिनिषेध नाही.

"आज कोणाकडे जेवला?" आनंदीबाई रोज ताक करता करता विचारीत.

"एका जकातदाराकडे. तोही पैसे खाणारा."

"बोलावलं होतं का?"

"नाही. हाच म्हणाला, तुझ्याकडे येतो."

"म्हणजे आपल्या आप्पासाहेबांसारखाच की," आनंदीबाई म्हणाल्या. आप्पासाहेब म्हणजे दप्तरातले पंतांचे वरिष्ठ. कोणाकडे पुरण शिजते आहे हे त्यांना पेठेच्या दुसऱ्या टोकाला कळे.

गाईवरून झालेली ओरड वाया गेली नव्हती. श्रावणात आळीतल्या दीनानाथशास्त्र्यांनी पंतांना बोलावणे धाडले. शास्त्रीबोवा भोजन उरकून ओटीवर लोडाला टेकले होते. भोवती चार-पाच जण विडा चघळत होते. सगळ्यांच्या तोंडावर एखाद्याचे वाईट होणार असले की येते ते समाधान होते.

"यादोपंत, आपण म्लेंच्छांची पोथी वाचता?"

"वाचतो."

"श्रद्धेने?"

"किळसेने."

कोणीतरी हसले. शास्त्रीबोवांनी ढेकर दिली. "मग सोडा. प्रायश्चित्त घ्या, विषय मिटला."

"आरंभलेली पोथी अर्ध्यावर सोडावी, असे आपण सांगत असाल तर सोडतो," पंत म्हणाले. "फक्त तसे स्पष्ट सांगावे."

ओटीवर खळबळ उडाली. म्लेंच्छांच्या पोथीला आपला नियम कसा लागेल, असे एकाने विचारले. शास्त्रीबोवा कसेही असले तरी शास्त्र जाणत होते. ते नाराजीने म्हणाले, "नियम पोथीला नाही, वाचणाऱ्याला आहे. यादोपंत, आधी ती संपूर्ण करा, मग प्रायश्चित्त. तोवर पंगत नाही."

पंगत नाही म्हणजे काय, ते त्या पेठेत राहणाऱ्यालाच कळे. पंतांच्या घरी कोणी पाणी पिईना. वडिलांच्या श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. आनंदीबाईंना हळदीकुंकवाचे बोलावणे येईना, आणि काल त्यांच्याकडून विरजण नेणाऱ्या बायका आज पदर सावरून पलीकडून जाऊ लागल्या. दप्तरातही पंतांची बैठक दाराशी सरकली. हे सारे करणारे लोक कोण? खोट्या वंशावळींवर जेवून हात पुसणारे.

पंतांनी वाचनाचा वेग वाढवला. चार जबान्या संपल्या. मग पत्रे आली. ज्याला लांब मायना लिहून मतलब शेवटी सांगायची खोड असते अशा एका माणसाची. शेवटी सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा एक प्राणी समुद्रातून निघाला. सात डोक्यांत दहा शिंगांची वाटणी कशी बसवली, हे कुठेच दिलेले नव्हते. तरी भाद्रपदात शेवटचे पान उलटले. पंतांनी बोरू खाली ठेवला, आनंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात दत्तोबा बागेतली दोन कण्हेरीची रोपे घेऊन आला.

"झाली व्हय? सायबाचा मुनशी म्हनत हुता, ह्यो निस्ता नवा करार. जुना करार याच्या आधीचा हाय, लई मोठा. बंगालात छापत्यात. एक तुकडा आलाय, बाकीचा यायचाय."

आनंदीबाईंनी साखरेची वाटी उचलून पुन्हा फडताळात ठेवली.

जुन्या कराराचा आलेला तुकडा म्हणजे खाटीकखाना होता. बैल कसा मारावा, रक्त कुठे शिंपडावे, मूत्रपिंडावरची चरबी कशी सोडवावी. एवढ्या तपशिलाने पुण्यात कोणी मोदकाची कृतीही सांगितली नसती. पंतांचे जेवण सुटले. ते वाळले, पण तुकडा पुरा झाला आणि ते पुढच्या तुकड्याची वाट पाहू लागले. दत्तोबा येई, मान हलवी, जाई.

कार्तिकात लढाई जुंपली. खडकीकडे तोफा वाजल्या आणि संगमाच्या बाजूला आकाशात धूर चढला. दुसऱ्या दिवशी दत्तोबा आला तेव्हा त्याच्या मुंडाशाला राखेचा वास होता.

"बंगला जळाला, पंत. माझी गुलाबं बी गेली. लोकांनी पाट्या भरभरून सामान न्येलं. पुस्तकाची पेटी आली हुती म्हनं, ती न्हाय उरली. पानं नदीला लागल्याली म्या बघितली."

पोथी आता संपूर्ण होणार नव्हती.

आप्पासाहेब आले ते चार दिवसांनी. शहरात गाड्या भरल्या जात होत्या, सोने पुरले जात होते. अशा गडबडीतही त्यांनी पंतांच्या अंगणात उभे राहण्याइतका वेळ काढला. आत मात्र आले नाहीत.

"पंत, राज्याचं काय होईल ते होईल. निदान तुमचा निकाल लावून टाकू. दप्तरात तुमच्यासारखा वाचणारा दुसरा नाही. नवा करार तुम्ही सबंध वाचलात ना?"

"वाचला."

"मग झालं! नवा करार झाला की जुना रद्द. आपल्याच दप्तराचा नियम आहे. शास्त्रीबोवांच्या कानावर मी घातलं आहे, त्यांनाही ही कटकट नको आहे. तुम्ही फक्त चारचौघांत म्हणायचं, जुना रद्द आहे, पोथी संपूर्ण झाली. उद्या संध्याकाळी पंगतीला बसाल."

दाराआड आनंदीबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"रद्द नाही," पंत म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"तीच पोथी म्हणते. जुन्यातली कानामात्रासुद्धा गळायची नाही, असे नव्यात लिहिले आहे."

"अहो, कोण वाचायला जातंय!"

हे वाक्य पंतांनी या माणसाच्या तोंडून दप्तरात वर्षानुवर्षे ऐकले होते. दर खेपेला ते गप्प बसले होते आणि कोणाचे तरी शेत कोणाच्या तरी नावावर चढले होते.

"मी वाचले आहे," ते म्हणाले.

"तुमचा त्या पोथीवर विश्वास बसला की काय?"

"छे. वीट आला आहे."

"मग अडतंय कुठं?"

"वीट आला म्हणून खोटी साक्ष देऊ? जुना करार बाकी आहे, आप्पासाहेब. शास्त्रीबोवांना तसेच सांगा."

आप्पासाहेबांनी उपरणे झटकले. "मरा मग एकटे जेवून," असे म्हणून ते निघून गेले.

पंत आत आले. आनंदीबाईंचे हळदीकुंकू, शेजार, भावाच्या घरचे येणे-जाणे, हे सारे त्यांनी अंगणात उभ्या उभ्या घालवले होते, आणि तेही ज्या पोथीची ओकारी येते तिच्यापायी. ते हातपाय धुऊन पाटावर बसले. आनंदीबाईंनी त्यांचे पान मांडले, भात वाढला, वरण वाढले. मग त्यांनी दुसरे पान घेतले आणि पंतांच्या शेजारी मांडले.

"हे कोणाचे?"

"माझं."

"अगं, नवऱ्याच्या शेजारी? आधी मी उठतो, मग..."

"एका पानाला पंगत म्हणत नाहीत," आनंदीबाई पाट ओढत म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि आवाजात राग मावत नव्हता. "तो तुमच्या पोथीतला बसत होता ना कोणाहीबरोबर? मग मी काय त्या जकातदाराहून वाईट आहे?"

पंतांनी सवयीने आपले पान थोडे बाजूला सरकवले. मग ते पुन्हा जागेवर आणले.

"तूप घाल," ते म्हणाले. "दोन्ही पानांवर."