मधले त्रिकोण

मी मूळची संशयी. भाजीवाल्यानं काटा धरला की माझं लक्ष आधी त्याच्या अंगठ्याकडे. त्यामुळे मरोद्यातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, माझं डिझाइन माझ्यामागे कुणीतरी बदलतंय हे कळलं तेव्हा कोण, असा प्रश्न मला पडलाच नाही. मैत्रीण. दुसरं कोण असणार?

आम्ही दोघींनी नुकतंच डिझाइनचं काम सुरू केलं होतं. सकाळी मी शाळेत चित्रकला शिकवायचे, दीडला परतायचे. ती पद्मनाभपुरहून दहाला स्कूटीवर यायची आणि मी दिलेल्या किल्लीनं पुढची खोली उघडून कामाला बसायची. आतल्या खोलीत माझे बाबा. पोलाद कारखान्याच्या भट्टीवरून रिटायर झालेले. त्यांच्याच जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यासाठी स्टेजमागचा पडदा आम्हाला करायचा होता. आमच्या नावावरचं पहिलं मोठं काम. ते फसलं की ‘शाळाच बरी’ म्हणायला घरचे टपलेलेच होते.

पडद्यावर मी भट्टी काढत होते, नुसत्या त्रिकोणांनी. शेकडो लहानमोठे त्रिकोण, प्रत्येकाचा रंग शेजारच्याहून किंचित वेगळा. कडेला पांढुरका, मग पिवळा, नारिंगी आणि मधोमध, भट्टीच्या तोंडाशी, रसरशीत लाल. जवळून तुकडे दिसत; दोन पावलं मागे सरकलं की रंग एकमेकांत विरघळत.

एका दुपारी मधले तीन त्रिकोण पिवळे दिसले. माझाच हात चुकला असेल म्हणून मी परत लाल केले. दुसऱ्या दिवशी सात. हात सात वेळा चुकत नाही. मग मी निघताना स्क्रीनचा फोटो काढून ठेवायला लागले.

बाबांना विचारलं. “मी तं झोपलो होतो,” म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. तिला विचारलं. “मी नाही लावला हात,” म्हणाली, पण बघत होती आतल्या खोलीकडे. माझी खात्रीच पटली. जिच्या मनात काही नसतं ती सरळ डोळ्यांत बघते.

चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. “एकटीच्या नावावर काम पाहिजे असंल तं तसं सांग ना. माह्यं कावून बिघडवून राहिली?”

तिचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा एकदा आत, घोरत पडलेल्या बाबांकडे बघितलं, टेबलावर किल्ली ठेवली आणि निघून गेली. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार त्रिकोण पिवळे! म्हणजे बाईसाहेबांनी किल्ली डबल करून घेतली होती तर. रंगेहाथ पकडायचं ठरवून मी पुढच्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली आणि मागच्या दारानं घरात शिरले.

कॉम्प्युटरसमोर बाबा बसले होते. एक हात माउसवर, दुसऱ्या हातात लाकडी चौकटीतली निळी काच डोळ्याला लावलेली. नोकरीभर याच काचेतून ते भट्टीतला जाळ बघून ताप ओळखायचे. स्क्रीनवर तिचा काय उपयोग होता, देव जाणे.

“बाबा!”

ते दचकले. मग माझ्यावरच उखडले. “मधात लाल कावून भरून राहिली तू? लाल म्हंजे थंडं पडलेलं. तापलं का पिवळं, अन् लई तापलं का पांढरं. माह्या सोबतचे सारे हासतील ना! एवढंबी माहीत नाही तुले?”

भट्टीच्या पगारावर वाढलेल्या मला खरंच माहीत नव्हतं.

“मंग मले सांगितलं कावून नाही?”

“तू हात तरी लावू देतं का त्याले?”

कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशीच मी त्यांच्यावर ओरडले होते. ते विसरले नव्हते.

“त्या पोरीनं शिकवलं मले रंग भरायले. म्याच म्हटलं, हिले सांगू नको, भडकते.” मग त्यांनी काच खाली ठेवली. “दोन दिवस झाले, येऊन नाही राहिली. बिमार हाय का?”

मी फोन घेऊन अंगणात गेले. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मला माफी मागायची होती, पण आधी तोंडून निघालं, “बाबा दिसले मले, रंग भरताना.” ती हळूच म्हणाली, “काकाले रागावली नाही ना तू?”